भिजवणीची चाळीस मिनिटं

(सिन्नरच्या बाजूचं, कालव्याकाठचं एक गाव. सकाळचे अकरा. निवृत्त पाटकरी कोंडाजी ओट्यावर बसले आहेत. त्यांची बायको कलाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधते आहे. समोरच्या खुर्चीत नाशिकच्या पाणीखात्यातून आलेली प्रतिभा, मांडीवर लॅपटॉप.)

कोंडाजी : ...आन् आता जे सांगणार हाय ना ताई, ते कुणी खरं मानायचं नाय. साऱ्या नाशिक जिल्ह्यात नाय. मानलंच कुणी, तर त्याला सिन्नरच्या दवाखान्यात न्यावं.

प्रतिभा : बाबा, पालीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात.

कोंडाजी : पाल मानली का तुम्ही? नाय मानली. मंग माझं खरं झालं.

प्रतिभा : कशी मानू? पाणीवापर संस्थेच्या ऑफिसात भिंतीवरून पाल पडली, कीबोर्डवरून पळाली, आणि पळता पळता पाणीपाळीच्या तीन नोंदी बदलून गेली. तिन्ही पाटाच्या शेवटाला शेत असलेल्या यशोदाबाईंच्या. तिन्ही ठिकाणी सहा तासांचे पाच तास वीस मिनिटं. वर सेव्हसुद्धा केलं तिनं.

कोंडाजी : हापिसातली पाल हाय ती. चार वर्सं वरून कारभार बघती. चेअरमनपेक्षा जास्त कळतं तिला.

कलाबाई : मुक्या जिवावर ढकलायचं. बरं दिसतं का?

प्रतिभा : मावशी, तुम्ही तरी सांगा यांना. तीन वाजता मीटिंग आहे. कॉम्प्युटर जयराम चालवतो, नोंदी त्याच्या नावानं उघडलेल्या होत्या, म्हणून आळ त्याच्यावर. पाच दिवस घरी बसवलाय. कामावरून काढायचं पत्र टाइप होऊन पडलंय, फक्त सही बाकी आहे. तीनच्या आत खरं नाव कळलं नाही तर सही होणार.

कोंडाजी : जयराम पोरगा सोन्यासारखा हाय.

प्रतिभा : काल गेले होते त्याच्याकडे. दारातच उभा राहिला. "मॅडम, मी एक आकडा हलवला नाही," एवढंच म्हणाला. आत या म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

कलाबाई : पाच दिवस झाले, हितं बी कुणाला भाकर गोड लागंना.

कोंडाजी : तू जुड्या बांध ना. मोठ्या बांध जरा. ...बरं, ताई, पाल राहू द्या. खरं सांगतो. ते काम बहिरूनं केलं.

प्रतिभा : कोण बहिरू?

कोंडाजी : बहिरू म्हाईत नाय? आन् म्हणं पाण्याचं खातं! बहिरू म्हंजी पाटकरी. पाटाचं पाणी कुणाच्या वावरात कवा सोडायचं, कवा तोडायचं, ते बघणारा माणूस. पण असा पाटकरी झाला नाय. पाण्याचं तोंड असतं ना, कोरड्या पाटात पाणी सोडल्यावर फेस घेऊन पुढं येतं ते, त्याच्यापुढं दोन पावलं हा चालायचा. अनवाणी. पाणी त्याच्या मागं वासरागत यायचं. हा थांबला का पाणी थांबायचं. हा तंबाखू मळायचा तवर पाणी तिथंच गोल गोल फिरायचं, पुढं जायचं नाय.

प्रतिभा : बरं.

कोंडाजी : बरं काय? ऐका. चूळ भरून सांगायचा, हे पाणी कोणत्या दारातून आलं. आन् एका उन्हाळ्यात, लय वंगाळ साल व्हतं ते, पाट एवढा तान्हेला, एवढा तान्हेला, का सकाळी सहाला पाणी सोडलं आन् मैलभर गेलंच नाय. पाटानंच पिऊन टाकलं. आन् ढेकर दिला! तो ढेकर सिन्नरच्या स्टँडवर ऐकू आला. कंडक्टर म्हणला, टायर फुटलं. सारे प्याशिंजर खाली उतरले.

प्रतिभा : आणि बहिरू?

कोंडाजी : बहिरू पाटात उतरला. म्हणला, भल्या माणसा, प्यालास तेवढं पुरे, आता म्हातारीच्या वावरात जाऊ दे. तवा कुठं पाणी हाललं.

प्रतिभा : म्हातारी म्हणजे यशोदाबाई.

कोंडाजी : ...टेलला कुणी ना कुणी म्हातारी असतीच, ताई. चारीच्या पार शेवटाला. जमीन चांगली असली तं माणूस टेलला कशाला राह्यल?

प्रतिभा : बाबा, या बहिरूंना कॉम्प्युटर येतो?

कोंडाजी : हापिसातल्या बाकावर बसून बसून येतो. जयराम आकडे भरतो, हा बघतो. कोणतं बटण दाबलं का काय होतं, सारं पाठ. एक दिवस जयराम डबा खायला गेला, समोर तक्ता उघडाच. बहिरूनं चष्मा लावला, एका बोटानं केलं काम. अर्धा तास लागला. तेवढ्यात उंदीर—

प्रतिभा : उंदीर नको.

कोंडाजी : नको तं नको. पण मला एक सांगा. म्हंजी बहिरूला पडलेला प्रश्न हाय हा. तुम्ही बसता नाशिकला. खोली बंद, पंखा बंद, बघायला कुणी नाय. तीन आकडे बदलले ते तुम्हाला तिथं कसं कळलं? पाटीवरचं पुसून दुसरं लिव्हलं, पाटी बोलती व्हय?

प्रतिभा : ही पाटी बोलते. प्रत्येक नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांची एक ओळ असते, पाहिलीत? म्हणजे, बहिरूंनी पाहिली असेल?

कोंडाजी : ते गिचमिड? त्याला वाटलं कॉम्प्युटरच्या कंपनीचा नंबर हाय.

प्रतिभा : तो शिक्का आहे. जयरामनं नोंद भरली की ती नाशिकला येते. तिथं तीन गोष्टी एकत्र दळल्या जातात : ती नोंद, तिच्या आधीच्या नोंदीचा शिक्का, आणि एक गुप्त किल्ली. किल्ली म्हणजे मोठाच्या मोठा आकडा, तो फक्त नाशिकला कुलपात. दळून जे पीठ पडतं तो शिक्का. तो परत येऊन नोंदीच्या शेजारी बसतो. दर रविवारी आम्ही पुन्हा सगळं दळून बघतो. सहाच्या जागी पाच केलं तर पीठ वेगळंच पडतं.

कोंडाजी : एका आकड्यानं?

प्रतिभा : एका ठिपक्यानं.

कलाबाई : म्हंजी माझ्या काळ्या मसाल्यागत.

कोंडाजी : तुझा मसाला कुठं आणला मधी?

कलाबाई : मंग काय? धणे-खोबरं सारी दुनिया घालती. माप माझं मला म्हाईत. दगडफूल जरा कमी पडलं तरी मला वासावर कळतं. पण वास घेऊन माझं माप कुणी सांगावं! थोरली जाऊ मेली हुंगून हुंगून, जमलं नाय तिला.

प्रतिभा : मावशी, मी ट्रेनिंगमध्ये हे समजवायला दोन तास घेते. उद्यापासून तुमचा मसालाच सांगणार.

कोंडाजी : तिला नका चढवू. बरं, पण तो शिक्का बी बहिरूनं बदलला असता तं?

प्रतिभा : कोणता लिहिला असता? माप नाशिकला आहे. जयरामकडेही नाही. चेअरमनकडे नाही. अंदाजानं लिहीत बसले असते तर तुमच्या नातवंडांची नातवंडं म्हातारी झाली असती, तरी जमलं नसतं. आणि आदल्या दिवसाची प्रत आमच्याकडे असतेच. तिच्यात सहा तास आहेत, आणि तिचा शिक्का जुळतो. म्हणून तर कळलं, आधी काय होतं ते.

कोंडाजी : अरे बाप रे.

प्रतिभा : आणि म्हणूनच मला माहितीये, हे जयरामनं केलेलं नाही. त्याला शिक्का माहीत आहे. तो कशाला सापडायला जाईल? ज्यानं केलं त्याला शिक्का कसा पकडतो याची काही कल्पना नव्हती, पण चाळीस मिनिटांची पक्की कल्पना होती. तीन वेगवेगळ्या पाळ्या, तिन्हींना नेमकी चाळीस मिनिटं वजा. चोर असा मोजून चोरत नाही, बाबा. पण हा माझा अंदाज झाला. कमिटी म्हणते, नाव सांगा.

कोंडाजी : चोर? चोर कोण म्हणलं? बहिरूनं चोरलं नाय, चुकीचं व्हतं ते बरोबर केलं!

प्रतिभा : काय चुकीचं होतं?

कोंडाजी : तुमचं सारंच! तुम्ही आलात तवा काय केलं? पांढऱ्या गाडीतून उतरलात, पाट सुरू व्हतो तिथं, हेडच्या गेटापाशी फोटो काढला, चहा पिऊन गेलात. टेलला कुणी गेलं व्हतं का? चार किलोमीटर चालत? चैतातला पाट बघितलाय कवा? भेगा पडलेल्या असतात, बोट जाईल अशा. सहाला गेट उघडलं. जयरामनं लिव्हलं, सहा. तिथून तुमचं घड्याळ चालू. पण पाणी कुठंय? पाणी भेगांत. आधी पाट भिजणार, त्याचं पोट भरणार, मंग पाणी पुढं सरकणार. यशोदाबाईच्या बांधाला लागायला सातला वीस कमी. बाराला गेट बंद. कॉम्प्युटर म्हणतो, बाईला सहा तास पाणी दिलं. बाई म्हणती, मला पाच तास वीस मिनिटं आलं. कुणाचं ऐकायचं? कॉम्प्युटरचं!

प्रतिभा : थांबा. म्हणजे ती चाळीस मिनिटं—

कोंडाजी : भिजवणी! भिजवणी म्हणत्यात त्याला. पाटाचं पिणं. ते शेतकऱ्याच्या नावावर टाकायचं नसतं. एकतीस वर्सं वहीत लिव्हलं मी... बहिरूनं. समासात, पेन्सिलीनं, "भि. ४०". आन् पुढल्या पाळीला तेवढं भरून द्यायचं. हेडवाल्याला पाच मिनिटं, मधल्याला वीस, टेलला चाळीस. मृगाचा पाऊस पडून पाट ओला असला तं टेलला बी दहाच. एकतीस वर्सांत एकानं तोंड उघडलं नाय. तुमच्या कॉम्प्युटरला समासच नाय, ताई! उघडलं कधी, बंद कधी. दोन खाने. मधलं पाटानं प्यालं ते कुठं लिव्हायचं माणसानं?

प्रतिभा : (लॅपटॉपवर टाइप करत) भिजवणी. टेलला चाळीस.

कलाबाई : पाणी देऊ का, ताई?

प्रतिभा : नको, मावशी. बाबा, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

कोंडाजी : इचारलं का?

प्रतिभा : नाही विचारलं. आमची चूक आहे. मीटिंगमध्येही म्हणेन. पण बहिरूंनी जयरामला सांगायचं होतं.

कोंडाजी : सांगितलं ना. तो म्हणला, बाबा, दोनच खाने हायेत, मी काय करू? बरोबर म्हणला. त्याच्या हातात काय? मंग बहिरूनं इचार केला, यंदाच्या तीन पाळ्यांत बाईची दोन तास भिजवणी बुडाली. टमाटे लावलेत तिनं. फुलावर आलेत. चौथी पाळी येत्या सोमवारी. कागदावर कमी दिसलं तरच तवा भरून मिळंल.

प्रतिभा : मग त्यांनी मागून आकडे बदलले.

कोंडाजी : खरे आकडे घातले!

प्रतिभा : खरे असतील. पण बाबा, दोन वर्षांपूर्वीचं आठवतं? हेडच्या कुणीतरी असंच मागून आकडे बदलले होते. टेलला आलंच नाही असं पाणी कागदावर दाखवलं. यशोदाबाईंचं अख्खं पीक वाळलं. तेव्हाच ठराव झाला, शिक्का बसवा म्हणून. त्या ठरावाला सूचक कोण होतं, माझ्याकडे आहे इथं. वाचू?

कलाबाई : वाचा की.

कोंडाजी : नको, डोळ्यांना त्रास कशाला.

प्रतिभा : शिक्क्याला फक्त एवढं कळतं की नोंद झाल्यावर कुणीतरी हात घातला. हात चांगला की वाईट, ते त्याला दिसत नाही. आणि त्याला ते दिसावं असं मला वाटतही नाही. आज मी म्हटलं, जाऊ द्या, बहिरूंचं मन साफ आहे, तर सोमवारी हेडवाले दहा साफ मनं घेऊन उभे राहतील.

कोंडाजी : ते तं राहतील. त्यांची मनं लय साफ. रोज धुत्यात, आमच्या पाण्यानं.

प्रतिभा : मग?

कोंडाजी : मंग काय? बाईची भिजवणी बुडाली म्हणायची.

प्रतिभा : नाही बुडणार. पुसायचं काही नाही. जुनी नोंद आहे तशी ठेवू, सहा तास, शिक्क्यासकट. तिच्याखाली नवी नोंद : भिजवणी, चाळीस मिनिटं, पुढच्या पाळीत भरून द्यायची. कुणी ठरवली त्याचं नाव. तिलाही शिक्का. आज ठराव झाला तर तिसरा खाना मी संध्याकाळपर्यंत करून देते. तिन्ही पाळ्यांची दुरुस्ती सोमवारच्या आत.

कोंडाजी : समास करता म्हणा की.

प्रतिभा : समासच. फक्त पेन्सिलीचा नाही. आणि बाबा, त्या खान्याला वेगळी किल्ली लागेल. जयरामनं गेटची वेळ भरायची, भिजवणी दुसऱ्यानं भरायची, एकाच माणसाच्या हातात दोन्ही नको. पाण्याच्या तोंडाबरोबर चाललेला माणूस हवा. पाट कधी किती पितो हे ज्याला ठाऊक आहे असा. त्याच्या नावावर किल्ली.

कोंडाजी : नावावर? म्हंजी त्यानं लिव्हलेलं कुणी पुसलं तर—

प्रतिभा : रविवारी नाशिकला कळेल.

कोंडाजी : चेअरमननं पुसलं तरी?

प्रतिभा : मी पुसलं तरी.

कोंडाजी : आयला! ...एकतीस वर्सं पेन्सिलीनं लिव्हलं, ताई. दोनदा सायबानं रबरानं खोडलं. नव्या वहीवर पुन्हा लिव्हलं. ...रिटायर माणसाला देत्यात का अशी किल्ली?

प्रतिभा : बहिरू रिटायर आहेत हे तुम्ही आत्ता सांगितलंत.

कोंडाजी : मघाशी सांगितलं असंल.

प्रतिभा : रिटायर असले तर उत्तमच. वेळ असेल त्यांना. फक्त एक अट. त्यांनी तीन वाजता उभं राहून स्वतः सांगायचं, त्या तीन नोंदी मी बदलल्या, जयरामचा संबंध नाही. भिजवणीचं मी सांगेन. पण नाव त्यांनी सांगायचं.

कोंडाजी : लाजतो तो.

प्रतिभा : कशाला?

कोंडाजी : गावात शब्द हाय त्याचा. दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी बहिरू म्हणंल ती वेळ मान्य. घड्याळ नव्हतं कुणाकडं तवापासून. आता या वयात चारचौघांत उठून म्हणायचं, मी कॉम्प्युटरमधी हात घातला? हेडवाले टाळ्या पिटतील. म्हणतील, बघा, ज्यानं शिक्का आणला त्यानंच फोडला.

प्रतिभा : म्हणतील. दोन दिवस म्हणतील.

कोंडाजी : तुम्ही नाशिकला जाणार. दोन दिवस आम्हाला काढायचेत.

प्रतिभा : जयरामनं पाच काढलेत, बाबा. न केलेल्या गोष्टीचे. आणि पत्रावर सही झाली तर पुढचे मोजायलाच नकोत. पंचविशीतल्या मुलाच्या नावापुढे "नोंदीत फेरफार" लागलं, तर त्याला उभं कोण करणार?

कोंडाजी : ...मला म्हणला व्हता तो. का बाबा, तुमच्या त्या भिजवणीचं मी नाशिकला कळवतो, मॅडम ऐकतील. म्या म्हणलं, त्यांना काय कळतंय.

प्रतिभा : त्यानं कळवलं होतं. ईमेल सापडला मला काल, आलेला तसाच न उघडता पडलेला. तेही मी आज तिथं सांगणार आहे. तुमच्या बहिरूंना सांगा, लाजायला ते एकटे नसतील.

कोंडाजी : असं म्हणता?

प्रतिभा : असं म्हणते. मग, लिहू?

कोंडाजी : लिव्हा. होऊ द्या एकदाचं. तीन नोंदी बदलल्या, बहिरूनं. जयरामचा काही संबंध नाय. खाली रेघ मारा.

प्रतिभा : पूर्ण नाव?

कोंडाजी : बहिरू... बहिरू पाटकरी.

प्रतिभा : वडिलांचं नाव, आडनाव?

कोंडाजी : लय जुना माणूस हाय ताई, त्या काळी आडनावं नव्हती.

प्रतिभा : राहणार?

कोंडाजी : इथलाच. पण सध्या देवळ्याला गेलाय, लेकीकडं.

प्रतिभा : देवळ्याला? मग तीनला इथं कसे येणार? शंभराच्या वर किलोमीटर आहे.

कोंडाजी : चालत येईल. मघाशी काय सांगितलं? पाण्याच्या पुढं चालणारा माणूस! चांदवडला गूळ-शेंगदाणे खाईल, निफाडला तोंड धुईल, आन् अडीचला हापिसाच्या बाकावर. तुम्ही लिव्हा तर खरं. सही तो करंल. नाय तं अंगठा. त्याचा अंगठा बी असला मोठा, का कागदाच्या बाहेर—

कलाबाई : आवो, पुरे! ताई, बहिरू आमचा बैल व्हता. बहिरोबाच्या जत्रेतनं आणलेला. त्याला मरून अकरा वर्सं झाली.

कोंडाजी : अगं—

कलाबाई : लगीन झाल्यापासून म्या यांचं नाव तोंडानं घेतलं नाय, ताई. लिवा. कोंडाजी.